केराबाईंचं वाक्य

"साहेब, म्या काय बोलले ते येकदा मला वाचून दाखवा," केराबाई म्हणाल्या, आणि समोर खुर्ची असूनही माझ्या टेबलापाशी फरशीवर बसल्या.

मे महिना होता, सकाळचे अकरा वाजले होते आणि मी नुकताच कात्रणांतून मोकळा झालो होतो. जिल्ह्याच्या माहिती कार्यालयात तेव्हा दिवसाची सुरुवात कात्री आणि डिंकानं होत असे. सगळी वर्तमानपत्रं चाळायची, सरकारबद्दल जे छापून आलं असेल ते कापायचं, कोऱ्या कागदावर चिकटवायचं, चांगल्या बातमीवर निळ्या पेन्सिलीची खूण करायची, वाईट बातमीवर तांबडीची, आणि साडेदहाच्या आत गठ्ठा कलेक्टरांकडे पोचवायचा. दुपारपर्यंत माझी बोटं एकमेकांना चिकटत. त्याच बोटांनी मी केराबाईंनी पुढे केलेली प्लॅस्टिकची पिशवी घेतली. आत आमच्या सरकारी मासिकाचा डिसेंबरचा अंक होता. घड्यांवर फाटलेला, हळदीचा डाग पडलेला. त्यात मी लिहिलेला लेख होता आणि लेखात केराबाईंचा फोटो.

फोटोतल्या केराबाई विहिरीच्या काठावर उभ्या राहून हसत होत्या. फरशीवर बसलेल्या केराबाईंच्या टाचांना भेगा होत्या आणि ओठ सुकलेले होते. मी शिपायाला पाणी आणायला सांगितलं. तांब्याभर पाणी त्यांनी उभ्या घशानं संपवलं, पण तळाशी उरलेला घोट सांडला नाही, तोही पदराआड नीट पिऊन घेतला. मग म्हणाल्या, "वाचा."

मी वाचलं. जाड अक्षरात, चौकटीत छापलेलं वाक्य होतं ते. 'टँकरचा डायवर आमचा पाव्हनाच झाला होता. आता आला तर त्याला च्या पाजीन आन् भरला टँकर माघारी लावीन.'

"हे म्या बोलले?"

त्या बोलल्या नव्हत्या. ते वाक्य माझं होतं.

इथे थोडं मागचं सांगायला हवं. आम्ही माहिती कार्यालयातले लोक यशोगाथा लिहीत असू. शासनाच्या योजनेनं कुणाचं भलं झालं, की त्याची गोष्ट करून छापायची. त्या वर्षी पाणलोट विभागानं हिंगणमाळला डोंगरउतारावर चर खणले, नाल्यावर बंधारे घातले, आणि पाऊसही बरा झाला. ऑक्टोबरात मी फोटोग्राफर घेऊन गावात गेलो, तर विहीर काठोकाठ. वीस वर्षं जिथे टँकरवाचून उन्हाळा सरत नव्हता, तिथे पोरं विहिरीत उड्या मारत होती. केराबाई मला तिथेच भेटल्या. तासभर बोलल्या. कंबरदुखीबद्दल बोलल्या, सुनेच्या माहेराबद्दल बोलल्या, बंधाऱ्यावर माती वाहताना पायात काटा कसा मोडला ते बोलल्या. मी वहीत सगळं टिपून घेतलं. पण ऑफिसात येऊन लिहायला बसलो तेव्हा या सगळ्यात एक खणखणीत वाक्य सापडेना. लेखाला शेवट मिळेना. तेव्हा मी तो केला. आपण केलेल्या वाक्यावर आपणच खूश होऊन मी त्या दिवशी कँटीनमध्ये दोन चहा प्यायलो होतो.

वाक्य चाललं. चाललं म्हणजे काय, दौडलं. दोन वर्तमानपत्रांनी लेख पुन्हा छापला. एका मंत्र्यांनी भाषणात केराबाईंचं नाव घेतलं. आमच्या बसस्थानकाच्या भिंतीवर पाणलोट विभागानं ते रंगवून घेतलं. ज्या खात्याचे बंधारे कागदावरच पाणी अडवतात म्हणून लोक हसत, त्याच खात्याच्या जीपला आता गावोगाव नारळ फुटू लागले. राज्याच्या यशोगाथा स्पर्धेत माझा लेख पहिल्या तिनांत असल्याचं साहेबांच्या कानावर आलं होतं. मी तेव्हा हंगामी जागेवर होतो, आणि मला कायम करण्याची फाईल मुंबईला गेली होती.

"आजी, झालं काय ते तरी सांगा," मी म्हणालो.

त्यांनी सांगितलं ते असं. चैत्र लागता लागता विहिरीनं तळ दाखवला. चर चांगले, बंधारे चांगले, पण पाऊस सप्टेंबरातच थांबला होता आणि वरच्या अंगाला उसाच्या मोटारी चालू होत्या. ग्रामपंचायतीनं टँकरचा प्रस्ताव पाठवला. तो आठ दिवसांत परत आला. त्यावर शेरा होता, की सदर गाव टँकरमुक्त झाल्याचे व ग्रामस्थांस टँकर नको असल्याचे शासनाच्या मासिकात प्रसिद्ध झाले आहे, सोबत कात्रण जोडले आहे. कुणी येऊन विहिरीत डोकावलं नव्हतं. कात्रण मात्र जोडलं होतं. कदाचित मीच कापलेलं.

तेव्हापासून गाव केराबाईंवर उलटलं. दोन किलोमीटरवर सोनखांबच्या रस्त्याला एक हापसा होता, त्यावर सगळ्या गावाच्या घागरी लागायच्या. तिथे बाया केराबाईंना शेवटी उभं करायच्या. जा की, लाव माघारी टँकर, म्हणायच्या. मुलगा आणि सून घरात बोलेनासे झाले. आणि आता सरपंचांनी तहसीलमधून एक तोड काढून आणली होती. केराबाईंनी कागदावर अंगठा द्यायचा, की ते बोलणं माझं एकटीचं होतं, गावाचं नव्हे. म्हणजे गावाचा टँकर मोकळा.

"मग द्यायचा की अंगठा," मी म्हणालो. मला सुटल्यासारखं झालं होतं, हे मी लपवत नाही.

"अंगठ्याला कोन न्हाई म्हनतंय? पर जे बोलले त्याला देईन ना. न बोलल्याला कसा देऊ?" त्यांनी अंकातल्या आपल्या फोटोवर बोट ठेवलं. "साहेब, मला ध्यानात न्हाई. लई आठवून पाह्यलं. हिरीवर उभी व्हते ते ध्यानात हाय, तुमचा पेन निळा व्हता ते ध्यानात हाय. हे बोलल्याचं ध्यानात न्हाई. माझी सासू म्हातारपनी अशीच बोलायची आन् इसरायची. मंग कुठंबी जायची उठून. शेवटाला तिला गोठ्यात बांधून ठिवली व्हती. म्याच बांधायची."

त्यांनी फोटोवरचं बोट उचललं.

"तसं तर न्हाई ना होत मला? तेवढंच इचाराया आले. दुसऱ्या कुनाला इचारू? लिहून घेनारे तुमीच व्हते."

त्या क्षणी एवढंच म्हणायचं होतं, की आजी, तुम्ही नाही बोललात, मी लिहिलं. चार शब्दांचं काम. दाराशी शिपाई होता, पलीकडे टंकलेखक होता, कुणी मला फासावर देणार नव्हतं. मी म्हणालो, "वही बघावी लागेल. सहा-सात महिने झाले. उद्या मी स्वतः गावात येतो आणि सगळ्यांसमोर काय ते सांगतो." वही माझ्या टेबलाच्या डाव्या खणात होती. माझा गुडघा त्या खणाला टेकला होता.

केराबाईंनी मला हात जोडले. अंक परत पिशवीत घालून, पिशवीला गाठ मारून त्या निघाल्या. दारात थांबून म्हणाल्या, की या नक्की, उद्याच दुपारच्या आत अंगठा मागितलाय.

मांडवगणे साहेब आमचे जिल्हा माहिती अधिकारी. माणूस वाईट नव्हता. अडीअडचणीला रजा द्यायचा, घरच्या आंब्याची फोड द्यायचा. त्यांनी काचेतून सगळं पाहिलं होतं. मला आत बोलावलं आणि सकाळचंच एक कात्रण पुढे सरकवलं. 'टँकरमुक्त हिंगणमाळ तहानलेले.' माझ्याच तांबड्या पेन्सिलीची खूण होती त्यावर. पाणलोट विभागाचा फॅक्स आला होता, खुलासा हवा. वाईट बातमी आली, की वस्तुस्थिती अशी नाही, असं छापायला पाठवायचं, त्याला आम्ही खुलासा म्हणत असू. वस्तुस्थिती कशी आहे ते पाहायला वेळ असेच असं नाही.

मी त्यांना खरं सांगितलं. वाक्य माझं आहे, बाईचं नाही. त्यांना धक्का वगैरे काही बसला नाही. त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मला ते तेव्हाच कळलं होतं, हर्षे. खेड्यातली बाई इतकं आटोपशीर बोलत नाही."

"मग साहेब, खुलाशात तसं लिहू?"

"कसं? सरकारी लेखकानं म्हातारीच्या तोंडी वाक्य घातलं, असं? आणि मग उरलेल्या लेखावर कोण विश्वास ठेवील? चर खणले हे खोटं आहे? बंधारे खोटे आहेत? तो लेख वाचून चाळीस गावांनी श्रमदान केलं, ते खोटं आहे? या खात्यात भली माणसंही आहेत रे. वीस वर्षं लोकांनी त्यांना हसून घेतलं. आता कुठे नाव झालंय, तर तू एका वाक्यासाठी ते धुळीला मिळवणार."

त्यातलं बरंचसं खरं होतं. चाळीस गावांत माणसं खरोखर कुदळी घेऊन डोंगरावर चढली होती. माझ्या वाक्यावर चढली होती. मी गावाला जाऊन येतो, मग खुलासा देतो, एवढं म्हणून मी बाहेर आलो. साहेबांनी जायला जीप दिली. जाताना फक्त म्हणाले, "मुंबईची फाईल या महिन्यात निघेल असं दिसतंय." एवढंच. त्यांनी धमकी दिली असं मला आजही म्हणता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी हिंगणमाळला पोचलो. वही खांद्याच्या शबनम पिशवीत होती. वाटेत चारदा हात घालून ती आहे ना ते पाहिलं. मी ठरवून गेलो होतो. रात्रभर विचार करून माझं पक्कं झालं होतं, की सगळ्यांसमोर वही उघडायची, केराबाई काय काय बोलल्या ते वाचून दाखवायचं, आणि हे वाक्य यात नाही असं सांगायचं. माझं काय व्हायचं ते होवो. जीपमध्ये बसून मोठेपणा दाखवणं सोपं असतं.

आधी विहिरीवर गेलो. तळाशी चिखल होता आणि चिखलात एक फुटकी चप्पल. जिथे मी फोटो काढून घेतला होता तिथे काठावर कुत्रं झोपलं होतं. बंधारे मात्र जसेच्या तसे उभे होते, एका दगडानंही जागा सोडली नव्हती. पाणीच नव्हतं, त्याला ते तरी काय करणार.

गाव शाळेच्या ओट्यावर जमलं होतं. पुरुष ओट्यावर, बाया खाली लिंबाच्या सावलीत, रिकाम्या घागरी पायाशी घेऊन. केराबाई दोन्हींच्या मध्ये, उन्हात. त्यांना कुणी सावलीत बोलावलेलं दिसत नव्हतं. सरपंच आसाराम सानप पांढरी टोपी नीट करत पुढे आले. केराबाई त्यांच्या चुलत्याची बायको. ते मला बाजूला, शाळेच्या एका वर्गात घेऊन गेले आणि दार लोटून घेतलं.

"साहेब, काकू काल तुमच्याकडं आली व्हती, कळालं. तुमी काय सांगनार हायेत?"

"जे खरं आहे ते. त्या असं बोलल्या नाहीत. ते वाक्य मी लिहिलं."

मला वाटलं होतं ते चिडतील, निदान चार शिव्या तरी देतील. ते बाकावर बसले. मग म्हणाले, "ते आमाला बी वाटलंच व्हतं. पर तसं सांगू नगा."

मला नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. तेव्हा त्यांनी समजावून सांगितलं, लहान मुलाला सांगावं तसं. हिंगणमाळला पूर्वी कुणी मुलगी देत नसे. पोरगी घागरीखाली मोडंल, असं लोक तोंडावर म्हणत. तिशीतले जवान गडी बिनलग्नाचे बसले होते. तो लेख आला आणि माघापासून गावात सात लग्नं झाली. सोयरीक घेऊन गेलं की आधी मासिक काढून ठेवायचं, केराबाईंचा फोटो दाखवायचा, वाक्य वाचून दाखवायचं. त्यांनी वर्गाचं दार थोडं किलकिलं करून मला बाहेर दाखवलं. बायांच्या घोळक्यात कोपरापर्यंत हिरवा चुडा ल्यालेल्या चारपाच पोरी उभ्या होत्या, घागरी घेऊन.

"आजून दोन ठरलेली हायेत, जेष्ठातली," सरपंच म्हणाले. "तुमी सरकारचे मानूस ओट्यावर उभं राहून म्हनलात, की ते खोटं व्हतं, तर सांजच्याला ही गोष्ट दहा गावांत जाईन. येका साली पानी कमी पडलं, ते सांगता येतं. पर लेखच खोटा म्हनल्यावर आमी खोट्यावर पोरी आनल्या असं व्हतं. आन् काकूचं काय जातंय त्यात? म्हातारी हाय, हरखून बोलली. कोन तिला खाऊन टाकतंय? टँकर परवा लागतोय, तहसीलदार बोललेत."

असं होतं ते. खात्याला त्याचं नाव टिकवायचं होतं, गावाला गावाचं, आणि मला माझं. सगळ्यांचं नाव टिकत होतं. फक्त एका बाईनं तिनं न बोललेलं बोललं म्हणायचं होतं.

आम्ही ओट्यावर आलो. सरपंचांनी कागद आणि निळ्या शाईचं पॅड मास्तरांच्या टेबलावर ठेवलं. केराबाई पुढे आल्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर राग नव्हता, विनवणीही नव्हती. डॉक्टरांच्या तोंडाकडे बघावं तसं त्या माझ्याकडे बघत होत्या.

"सापडली का वही?"

"सापडली."

"मंग सांगा. बोलले का म्या?"

त्या हिरव्या चुड्यांचा मी विचार केला असं पुढे मी स्वतःला कितीतरी वर्षं सांगत आलो. त्यात तथ्य नाही. त्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे मुंबईला गेलेली फाईल होती.

"हो आजी," मी म्हणालो. "बोलला होतात."

केराबाईंनी एकदा मान हलवली, मग पुन्हा एकदा हलवली. त्यांचा उजवा हात डाव्या हाताचं मनगट चोळत होता, जिथे दोरी बांधतात तिथे. सरपंचांनी त्यांचा अंगठा धरून शाईवर टेकवला आणि कागदावर उमटवला. बायांत थोडी कुजबुज झाली. सुनेनं पुढे होऊन सासूला हाताला धरून सावलीत नेलं. जी सून इतके दिवस बोलत नव्हती ती आता जपून, हळू चालवत होती, आजारी माणसाला चालवतात तशी. ते मला पाहवलं नाही. मी जीपमध्ये जाऊन बसलो.

खुलासा मी त्याच दुपारी लिहिला. दोनशे शब्दांचा होता. पाऊस लवकर थांबल्यानं तात्पुरती टंचाई, एका वृद्ध महिलेनं उत्साहाच्या भरात काढलेले उद्गार, प्रशासनाची तत्परता. मांडवगणे साहेबांनी एक स्वल्पविराम बदलला आणि सही केली.

तिसऱ्या दिवशी टँकर जाणार होता. त्याचा फोटो हवा होता म्हणून साहेबांनी मलाच पाठवलं. नाही म्हणावंसं वाटलं, पण नाही म्हणण्याची वेळ माझ्या हातानं मी घालवली होती.

टँकर दहाच्या सुमाराला आला. गाव धावलं. टँकरचं पाणी विहिरीत सुटू लागलं आणि बाया पोहऱ्यांनी शेंदू लागल्या, नव्या सुना हसत होत्या, सरपंच फोटोसाठी टोपी नीट करत होते. फोटो झाले. घोळक्यात केराबाई दिसल्या नाहीत म्हणून मला आधी बरं वाटलं. तेवढ्यात ड्रायव्हर माझ्याजवळ आला. म्हणाला, एक म्हातारी मला चहाला बोलावून गेलीय, जाऊ का? मी त्याच्याबरोबर गेलो.

केराबाईंचं घर गावाच्या टोकाला होतं. दोन खोल्या आणि बाजूला रिकामा गोठा. त्यांनी ओसरीवर घोंगडी टाकून ठेवली होती. ड्रायव्हरला बसवलं, मला बसवलं. गुळाचा कोरा चहा दिला, मोठ्या पितळी पेल्यात. ड्रायव्हर बिचारा लाजत होता, इतक्या वर्षांत पाणी पोचवलेल्या एकाही गावानं त्याला कधी चहा विचारला नव्हता. केराबाई त्याला म्हणाल्या, "दादा, तू आता पाव्हना हायेस. पी. आन् माझ्या घरच्या दोन घागरी तुझ्याच टँकरात राहू दे. त्या माघारी ने."

तो माझ्याकडे बघू लागला. त्याला काही कळलं नाही. मला कळलं.

आतून सून बाहेर आली. ती रडकुंडीला आली होती. मला म्हणाली, की साहेब, तुमी तरी समजून सांगा. कालपासून एकच धरून बसल्यात. टँकरचं पाणी घेणार नाही म्हणतात. आज पहाटे उठून हापशावर गेल्या, चार किलोमीटर जाऊन येऊन घागर आणली. हा चहा त्याच पाण्याचा आहे.

"आजी, असं करू नका," मी म्हणालो. "त्या वाक्याला कुणीही धरून बसलेलं नाही."

"म्या धरून हाय ना," केराबाई म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता, भाजी काय केली ते सांगावं तसा. "बोलले म्हनता तुमी. पेपरात हाय, आता तर अंगठा बी हाय. मला ध्यानात न्हाई. पर बोललेलं ध्यानात नसलं तरी पाळता तर येतंय. येवढं पाळलं, की गोठ्यात बांधायची बारी न्हाई येनार माझ्यावर."

मी त्यांच्या गोठ्याकडे पाहिलं. दावं खुंटीला गुंडाळून ठेवलेलं होतं. वही त्या दिवशीही माझ्या शबनममध्येच होती. तिथे फक्त एक ड्रायव्हर होता आणि एक सून. सांगायला तेव्हाही हरकत नव्हती. पण आता सांगायचं म्हणजे दोन खोटी कबूल करायची होती, पहिलं छापलेलं आणि दुसरं तोंडानं बोललेलं, आणि दुसरं पहिल्याहून जड होतं. मी चहा संपवला. त्यात हापशाच्या पाण्याचा मचूळपणा होता.

निघताना त्या पायऱ्यांपर्यंत आल्या. उन्हानं डोळे बारीक करून म्हणाल्या, "येक इचारू? तुमी आक्टोबरात आले व्हते तवा म्या तुमाला म्हनले व्हते, की आत्ता काय लिवता साहेब, आत्ता पाऊस झालाय म्हनून पानी हाय. वैशाखात या, मंग हिरीत बघा आन् काय लिवायचं ते लिवा. हे ध्यानात हाय माझ्या. हे तरी बोलले व्हते का म्या?"

हे वाक्य वहीत होतं. निळ्या शाईत, जसंच्या तसं, पानाच्या तळाशी. त्याच्याखाली मी तेव्हाच एक रेघ मारली होती, कारण वाक्य चांगलं होतं. नंतर लेख लिहिताना ते गाळलं, कारण ते लिहिलं असतं तर लेख वैशाखापर्यंत थांबवावा लागला असता आणि अंक डिसेंबरचा होता.

"हो," मी म्हणालो. "हे बोलला होतात. अगदी असंच."

केराबाई हसल्या. फोटोतल्यासारख्या. "मंग बरं हाय. आन् तुमी आलात बी वैशाखात."

संध्याकाळी मी मांडवगणे साहेबांना फोटो दिले. काय काय घडलं ते सांगताना चहाचं आणि दोन घागरींचं सांगून गेलो. मन हलकं करायला सांगितलं होतं. साहेब खुर्चीत पुढे सरकले. दिलेल्या शब्दासाठी टँकरचं पाणी नाकारणारी म्हातारी, ते म्हणाले, अरे हर्षे, पहिल्या लेखापेक्षा हा मोठा आहे. जून अंकात पान ठेवतो. खात्याला याहून चांगलं काय हवं?

मला वाटलं मी नाही म्हणेन. मी दोन दिवस टाळलं. तिसऱ्या दिवशी लिहिलं. केराबाई पाऊस पडून विहीर भरेपर्यंत, म्हणजे आषाढापर्यंत, रोज हापशावर जात राहिल्या असं पुढे सुनेनं कळवलं. अंक तोपर्यंत निघाला होता. त्या लेखाला राज्याचं पहिलं बक्षीस मिळालं आणि त्याच महिन्यात मी कायम झालो. केराबाई पुढे चार वर्षांनी गेल्या. मला ते कात्रण चिकटवताना कळलं. आतल्या पानावरची तीन ओळींची बातमी होती ती, आणि तिच्यावर कुठल्या रंगाची खूण करावी ते मला ठरवता आलं नाही.

जूनच्या त्या लेखात माझ्या मनचा एकही शब्द नव्हता. चहा, पितळी पेला, दोन घागरी, ड्रायव्हरला म्हटलेले शब्द, सगळं जसं घडलं तसं लिहिलं. कुणीही वही मागितली असती तरी मी न घाबरता दाखवली असती. फक्त वैशाखाचं वाक्य मी याही वेळी गाळलं.